विकत मिळेल त्याला गुण नाहीत

१९८४ साली आयबीएमने ‘पीसी एटी’ बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मदरबोर्डवर नखाएवढ्या चकचकीत डबीत क्वार्ट्झचा एक स्फटिक होता. तो सेकंदाला १ कोटी २० लाख वेळा कंप पावायचा आणि त्याच्या निम्म्या गतीने, म्हणजे ६ मेगाहर्ट्झवर, ८०२८६ प्रोसेसर चालायचा. हा स्फटिक डाग देऊन पक्का केलेला नव्हता, नुसता खोबणीत खोचलेला होता. काही हौशी मंडळींनी तो उपटला आणि त्या जागी १६ मेगाहर्ट्झचा बसवला. प्रोसेसर निमूटपणे ८ वर धावू लागला. काही डॉलरच्या सुट्या भागात वेग एक तृतीयांशाने वाढला. आयबीएमला हे रुचलं नाही. पुढच्या बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, कंपनीने एक तपासणी घातली: ठरल्यापेक्षा जास्त वेग दिसला, की यंत्र सुरूच व्हायचं नाही.

आज हाताने जोडलेल्या, तासलेल्या, रंगवलेल्या संगणकांच्या स्पर्धा भरतात. काचेआड नळ्यांमधून रंगीत पाणी खेळत असतं आणि परीक्षक टॉर्च घेऊन आत डोकावत असतात. या प्रकाराचं कूळ शोधत मागे गेलं, की आपण त्या खोबणीतल्या स्फटिकापाशी पोचतो. घराण्याचा स्वभावही तिथेच दिसतो. कंपनीने न दिलेली गोष्ट कुणीतरी स्वतःच्या हाताने मिळवतो, कंपनी आधी ती अडवते आणि मग एक दिवस स्वतःच विकायला काढते. परीक्षकांची गुणपत्रिका या ओढाताणीतून घडली. तिच्यात दोन रकाने असतात, कामगिरी आणि रूप. दोन्ही जन्मले एकाच कटकटीतून, ती म्हणजे उष्णता.

त्यातला कामगिरीचा रकाना आधीचा. वेग वाढला हे सिद्ध करायला माप हवं. प्रयोगशाळांकडे अशी मापं होती. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतून १९७२ साली ‘व्हेटस्टोन’ चाचणी आली, १९८४ मध्ये तिच्याच नावावर कोटी करत ‘ड्राइस्टोन’ आली. पण घरच्या टेबलावर पोचलं ते पीटर नॉर्टन यांच्या ‘नॉर्टन युटिलिटीज’मधलं ‘एसआय’ नावाचं चिमुकलं साधन. आयबीएम एक्सटीचा वेग १ धरायचा आणि आपलं यंत्र त्याच्या किती पट आहे, ते पडद्यावर दाखवायचं. संगणकाला मार्क मिळू लागले. मार्क मिळाले, की शेजाऱ्याला किती मिळाले हे विचारणं ओघाने आलंच.

रूपाचा रकाना मात्र कोरा होता. यंत्र म्हणजे मळकट बदामी रंगाचा पत्र्याचा डबा. आपल्याकडे दुकानदार त्याला कॅबिनेट म्हणतात आणि घरोघरी सरसकट ‘सीपीयू’. तो टेबलाखाली ढकलायचा आणि वर्षातून एकदा धूळ झटकायला बाहेर काढायचा. त्याला कुणी सुंदर म्हटलं नाही आणि कुरूप म्हणण्याचीही तसदी घेतली नाही.

मग आला ऑगस्ट १९९८. इंटेलने त्या महिन्यात ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू काढला, किंमत साडेसहाशे डॉलरच्या वर. सोबत आला बेताच्या खिशासाठीचा सेलेरॉन ३००ए, दीडशे डॉलरच्या आसपास. प्रोसेसरचा वेग म्हणजे मदरबोर्डच्या बसचा वेग गुणिले एक ठरलेला गुणक. सेलेरॉनचा गुणक ४.५ ला कुलूपबंद होता. हे कुलूप काही अंशी लबाड व्यापाऱ्यांमुळे आलं होतं, कारण स्वस्त प्रोसेसरवर महागाचा शिक्का मारून विकण्याचा धंदा तेव्हा जोरात होता. पण बस मोकळी होती. ६६ च्या बसवर ४.५ च्या गुणकाने ३०० होत, १०० च्या बसवर ४५०. शिवाय सेलेरॉनच्या पोटात १२८ किलोबाइटची कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली झटपट स्मृती, होती, आकाराने लहान, पण पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियम टूची कॅश चौपट मोठी आणि निम्म्या वेगाची. दीडशे डॉलरचा प्रोसेसर साडेसहाशेवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसला.

बस १०० वर न्यायला तैवानच्या अबिट कंपनीच्या ‘बीएच६’ मदरबोर्डवर जंपर हलवावे लागत नसत, बायॉसच्या मेनूतून काम व्हायचं. ज्यांचा मदरबोर्ड ऐकत नव्हता, त्यांनी वेगळी शक्कल काढली. प्रोसेसरच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असते. त्यातली ‘बी२१’ ही पट्टी बोर्डाला सांगते, की मी ६६ वाला आहे. तिच्यावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचा किंवा नेलपॉलिशचा थेंब सोडायचा. पट्टी मुकी झाली, की बोर्ड १०० धरून चालतो. दोन वर्षांनी एएमडीच्या ड्युरॉन आणि ॲथलॉनवर शिसपेन्सिल चालली. गुणकाचं कुलूप म्हणजे प्रोसेसरच्या पाठीवर तोडलेले काही सूक्ष्म सोनेरी पूल होते. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं, म्हणून तुटक्या जागी पेन्सिल गिरवली की पूल जुळायचे. पुढच्या ॲथलॉन एक्सपीमध्ये त्या जागी लेसरने खड्डेच पाडलेले निघाले. हौशींनी आधी खड्डे गोंदाने बुजवले, मग वीजवाहक रंगाने पूल बांधले.

वेग असा चोरता आला, तरी उष्णता चुकवता येत नव्हती. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चढ्या वेगावर यंत्र डळमळू लागलं, की व्होल्टेज थोडं वाढवायचं हा सर्रास उपाय. पण व्होल्टेज १० टक्के वाढवलं की उष्णता २१ टक्के वाढते, वेगामुळे वाढते ती वेगळीच. बदामी डबा एवढ्यासाठी घडवलेला नव्हता. पंख्यासमोर पत्र्यालाच बारीक भोकं पाडून केलेली जाळी असायची आणि ती अर्धी हवा अडवायची. लोकांनी ती कापून टाकली. गरम हवा वर जाते, म्हणून कॅबिनेटच्या माथ्यावर होल-सॉने ८० मिलिमीटरच्या पंख्याएवढं गोल भोक पाडलं. तेवढ्याने भागेना तेव्हा पाणी आणलं. पाण्याने थंड करायची तयार सामग्री सुरुवातीला जवळपास मिळतच नव्हती. पंप घेतला मत्स्यालयाचा, त्यातही जर्मनीच्या आयहाइम कंपनीचा, कारण तो आवाज न करता वर्षानुवर्षं चालायचा. रेडिएटर मिळाला मोटारींच्या भंगारात. मोटारीच्या आतली हवा गरम करणारं जे छोटं रेडिएटर असतं, ते यासाठी अगदी नेमकं होतं. १९७७ च्या पाँटियाक बॉनव्हिलचं तर असं नाव झालं, की ज्यांनी ती गाडी जन्मात पाहिली नव्हती तेही दुकानात जाऊन तिचाच भाग मागू लागले.

इथपर्यंत कुणाच्याही डोक्यात सौंदर्य नव्हतं. कापलेला पत्रा, लोंबणाऱ्या नळ्या आणि डब्याबाहेर बांधलेला रेडिएटर हे ध्यान घरात कुणी पाहत नव्हतं, म्हणून खपून जात होतं. ते चारचौघांत आलं खेळांमुळे. डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ आला, जून १९९६ मध्ये ‘क्वेक’. हे खेळ चांगल्या वेगाने एकमेकांविरुद्ध खेळायचे तर यंत्रं एकाच जागी आणून केबलने जोडावी लागत. लोक अख्खा संगणक आणि जडशीळ मॉनिटर गाडीत घालून निघू लागले. स्वीडनमध्ये मालुंग गावच्या शाळेच्या तळघरात १९९४ साली असा मेळावा भरला, त्याचा पुढे ‘ड्रीमहॅक’ झाला. टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या गार्लंडला १९९६ साली काही मंडळी हॉटेलात जमली, तिथून ‘क्वेककॉन’ वाढला. बघता बघता अंधाऱ्या दालनांमध्ये शेकडो डबे ओळीने मांडले जाऊ लागले. टेबलाखालचा डबा टेबलावर आला आणि शेजारचा तो बघू लागला.

बघणारा आला, की दाखवणं आलं. कॅबिनेटची बाजू जिगसॉने कापून तिथे ॲक्रिलिकचा पत्रा बसवला, कापलेल्या धारेवर रबरी गोट लावला. आत उजेड हवा म्हणून कोल्ड कॅथोड नळ्या आल्या. स्कॅनर आणि लॅपटॉपच्या पडद्यांमागे असायच्या त्याच निळ्या-हिरव्या रंगात मिळू लागल्या. बाहेर वाराही तसाच वाहत होता. १९९८ मध्येच ॲपलने अर्धपारदर्शक निळ्या कवचाचा आयमॅक काढला होता आणि बदामी डबा एका रात्रीत म्हातारा दिसू लागला होता. खिडकी पडली तेव्हा आतला पसारा उघडा पडला. सर्वांत ओंगळ होत्या हार्ड डिस्कच्या रुंद, करड्या रिबन केबल्स. त्या हवाही अडवत. लोकांनी ब्लेडने त्यांच्या उभ्या पट्ट्या चिरल्या आणि गुंडाळून गोल केल्या. दिसायला झकास, हवाही खेळती. पण नव्या केबलमध्ये ८० तारा असायच्या त्या उगाच नव्हत्या. प्रत्येक दोन संदेशांच्या तारांमध्ये एक अर्थिंगची तार पहारा देत असे, म्हणजे एकीची कुजबुज दुसरीत शिरू नये. पट्ट्या चिरून गुंडाळल्या, की हा पहारा विस्कटायचा आणि माहिती बिघडण्याचा धोका वाढायचा. रूप आणि कामगिरी एकमेकांच्या आड आले, ते असे.

देखणेपणाला गुण कसे द्यायचे, याचं उदाहरण अमेरिकेत आधीपासून होतं. जानेवारी १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला हाताने फेरफार केलेल्या मोटारींचं प्रदर्शन भरलं आणि ‘अमेरिकेची सर्वांत सुंदर रोडस्टर’ या किताबासाठी ९ फुटी करंडक ठेवला गेला. त्या गाड्याही मुळात पळवण्यासाठी हलक्या केलेल्या, बॉनेट काढलेल्या, इंजिन उघडं टाकलेल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेबल बीचला रस्त्यावरची शर्यत झाली आणि तिच्या जोडीला मोटारींचं सौंदर्यप्रदर्शनही झालं. १९५६ च्या शर्यतीत अर्नी मॅकाफी हा चालक झाडावर आदळून मेला, म्हणून शर्यत तिथून हलवावी लागली. प्रदर्शन तिथेच राहिलं आणि आज जगातल्या सर्वांत मानाच्या मोटार प्रदर्शनांत ते गणलं जातं. शर्यतीच्या शेपटाला बांधून आलेली गोष्ट शर्यतीला पुरून उरली. संगणकांच्या बाबतीतही पुढे हेच घडलं.

खेळांच्या मेळाव्यांत कॅबिनेटमधल्या अशा फेरफारांच्या, म्हणजे केसमॉडच्या, स्पर्धा सुरू झाल्या, बक्षीस बहुधा नवंकोरं ग्राफिक्स कार्ड किंवा प्रोसेसर. पण हौशी वाढले तशी भांडणंही वाढली. एकाने बाजारचं कॅबिनेट कापून रंगवलंय, दुसऱ्याने लाकडातून अख्खं नवं घडवलंय. दोघांना एका मापाने कसं मोजणार? जर्मनांनी आपल्या स्वभावाप्रमाणे वर्गवारी केली. त्यांच्या ‘डॉइचे केसमॉड माइस्टरशाफ्ट’ या राष्ट्रीय स्पर्धेत, जी पुढे कोलोनच्या गेम्सकॉम मेळाव्यात भरू लागली, दोन विभाग ठरले: तयार कॅबिनेटवर काम केलं तर ‘केसमॉड’, मुळापासून बांधलं तर ‘केसकॉन’. तैवानच्या कूलर मास्टरने जगभरच्या कारागिरांसाठी ‘केस मॉड वर्ल्ड सिरीज’ सुरू केली, तिथेही ‘टॉवर’ आणि ‘स्क्रॅच’ अशी हीच फाळणी आहे. विभाग कोणताही असो, परीक्षक साधारण चार गोष्टी पाहतात: कारागिरी, सौंदर्य, कल्पना आणि यंत्र खरोखर वापरता येतं का.

कामगिरीच्या रकान्याची गोष्ट याहून मजेदार आहे. तो भरणारं सर्वांत नावाजलेलं माप एका सौंदर्यस्पर्धेच्या घरात जन्मलं. फिनलंडमध्ये ऐंशीच्या दशकाअखेरीस पोरांच्या टोळ्या संगणकाकडून जमेल तेवढं सुंदर चित्र आणि संगीत जागच्या जागी काढून घेणारे छोटे प्रोग्राम लिहीत. त्यांना ‘डेमो’ म्हणत. १९९२ पासून तिथे ‘असेंब्ली’ नावाचा मेळावा भरू लागला. डेमो मोठ्या पडद्यावर दाखवायचे आणि जमलेल्यांनी मतं द्यायची. १९९३ मध्ये ‘फ्युचर क्रू’ या टोळीच्या ‘सेकंड रिॲलिटी’ने बाजी मारली. या टोळीतल्या काहींनी १९९५ मध्ये ‘रेमेडी’ ही कंपनी काढली. पुढे ‘मॅक्स पेन’ हा खेळ काढला तीच ही रेमेडी. तिने १९९७ मध्ये ग्राफिक्स कार्डांची ताकद मोजणारा ‘फायनल रिॲलिटी’ केला. त्या कामातून ‘फ्युचरमार्क’ ही वेगळी कंपनी निघाली आणि १९९८ मध्ये तिचा ‘थ्रीडीमार्क’ आला. कळ दाबायची, ड्रॅगनांची लढाई किंवा वाऱ्यावर डोलणारं गवत पाहायचं आणि शेवटी एक आकडा मिळवायचा. ज्यांनी टाळ्यांसाठी चित्रं काढली, त्यांच्याच चित्रांतून आता यंत्रांना गुण मिळू लागले.

आकड्याला पैशाची किंमत आली, तशी त्यात लबाडी शिरली. ऑक्टोबर २००१ मध्ये कुणीतरी ‘क्वेक ३’च्या प्रोग्राम फाइलमधला ‘क्वेक’ शब्द बदलून ‘क्वॅक’ केला. एवढ्यानेच एटीआय कंपनीच्या नव्या ग्राफिक्स कार्डाचा वेग घसरला आणि चित्र मात्र सुधारलं. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा कंपनीचा प्रोग्राम, फाइलचं नाव ओळखून, चित्राचा दर्जा हळूच उतरवून वेगाचा आकडा फुगवत होता. मे २००३ मध्ये ‘थ्रीडीमार्क ०३’ची पाळी आली. या चाचणीत कॅमेरा दर वेळी त्याच वाटेने फिरतो. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला ती वाट पाठ होती, म्हणून वाटेवरून जे दिसणार नाही ते तो काढतच नव्हता. चाचणीच्या विशेष आवृत्तीत कॅमेरा ठरलेली वाट सोडून बाजूला नेला, तेव्हा आभाळाच्या जागी चिरफळ्या दिसल्या. ही युक्ती निकामी करणारा बदल फ्युचरमार्कने केला आणि एनव्हिडियाच्या सर्वांत महागड्या कार्डाचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी पडले. काही दिवसांनी दोन्ही कंपन्यांनी मिळून गोडीगुलाबीचं निवेदन काढलं आणि त्यात ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेतला. आकडा खरा की खोटा, हे अखेर चित्राकडे बघूनच ठरलं होतं. कामगिरीचा रकाना भरायलाही डोळे लागतात, हे परीक्षकांनी तेव्हापासून ध्यानात ठेवलं.

नुसत्या वेगाच्या शर्यतींनी मग पुराव्याचे नियम कडक केले. त्यांचं आवडतं माप होतं ‘सुपर पाय’. १९९५ मध्ये टोकियो विद्यापीठातले यासुमासा कानादा यांनी गणितातल्या पायची (π) किंमत ४ अब्जांहून जास्त स्थानांपर्यंत काढली, त्या प्रोग्रामची ही घरगुती आवृत्ती. पायची दहा लाख स्थानं किती सेकंदांत निघतात, एवढाच प्रश्न. पडद्याच्या चित्रात खाडाखोड करून सेकंद कमी दाखवणारे निघाले, तेव्हा निकालासोबत पडताळणीचा सांकेतिक आकडा देणारी सुधारित आवृत्ती आली. बेल्जियममधून सुरू झालेल्या ‘एचडब्ल्यूबॉट’ने जगभरच्या निकालांची क्रमवारी लावली आणि निकालाच्या चित्रात प्रोसेसरची ओळख सांगणारी खिडकी उघडी असलीच पाहिजे, असा दंडक घातला.

या शर्यतीत पाणीही मागे पडलं आणि उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन आला. महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत हा द्रव अनोळखी नाही. उरळीकांचनची बायफ संस्था आणि सरकारी पशुवैद्य गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच जपतात. वेगवेडे तो थर्मासमधून प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या भांड्यात ओततात. भोवतीच्या हवेतली वाफ गोठून बोर्डावर पाणी सुटू नये, म्हणून बोर्डाला व्हॅसलिन चोपडतात, फटींत चित्रकारांचं मऊ खोडरबर दाबतात, बाजूला टॉवेल कोंबतात. २०११ मध्ये एएमडीच्या चमूने टेक्सासमधल्या ऑस्टिनला त्याहूनही थंड द्रवरूप हेलियम वापरून ८.४२९ गिगाहर्ट्झचा विक्रम केला. डिसेंबर २०२२ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरने ९ ची वेस ओलांडली. हे वेग काही क्षणच टिकतात, त्यावर कुणी पत्र लिहीत नाही की खेळ खेळत नाही. जगातला सर्वांत वेगवान संगणक म्हणजे व्हॅसलिन फासलेला, टॉवेलात गुंडाळलेला उघडा बोर्ड. कामगिरीचा रकाना टोकाला नेला, की रूपाच्या रकान्यात शून्य येतं.

देखणेपणाचे परीक्षक नेमकं काय बघतात, हेही जवळून पाहण्यासारखं आहे. लांबून दिसणाऱ्या विषयाला, म्हणजे कुणी विमान केलंय, कुणी किल्ला केलाय, त्याला टाळ्या मिळतात, गुण बेताचेच. गुण कडांवर ठरतात. कापलेल्या पत्र्याच्या कोपऱ्यात कानस थांबल्याची खूण आहे का? रंग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत उठलाय का? पाण्याच्या ताठ नळ्या घ्या. ॲक्रिलिकची किंवा पीईटीजीची नळी आतून सिलिकॉनची दोरी घालून हीट गनने तापवतात आणि साच्यावर वाकवतात. पीईटीजी लवकर मऊ पडतं, ॲक्रिलिकला जास्त ताव लागतो. घाई झाली की वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुती येते, ताव जास्त झाला की आत बुडबुडे उठतात. दोन नळ्या शेजारून जात असतील तर दोन्हींची वळणं एकाच कोनात हवीत, मधलं अंतर शेवटपर्यंत तेवढंच हवं. नजर तयार झालेल्या माणसाला अर्ध्या अंशाची चूक लगेच दिसते.

मग परीक्षक कॅबिनेट फिरवायला सांगतो आणि मागचं झाकण उघडतो. अस्सल पैठणीची पारख उलट्या बाजूवरून होते, तसाच हा प्रकार. समोरून चोख दिसणाऱ्या यंत्राच्या पाठीत केबलचा गुंता कोंबलेला असेल, तर तिथेच कारागिरीचे गुण कापले जातात. शेवटचा प्रश्न असतो, चालतं का? पाणी भरलं की आधी गळती तपासायची, तीही बाकीच्या भागांना वीज न देता. त्यासाठी वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या २४ पिनांच्या जोडणीत हिरवी तार आणि काळी तार वाकवलेल्या पेपर क्लिपने जोडतात. मदरबोर्ड मेलेला राहतो, फक्त पंप फिरतो. सांध्यांखाली टिश्यू पेपर पसरून काही तास वाट पाहायची. कागद कोरडा राहिला, तरच पुढे जायचं. स्पर्धेच्या टेबलावर सुरूच न झालेलं यंत्र कितीही सुंदर असलं, तरी ते शिल्प म्हणून घरी परत जातं.

इथे कंपन्यांची गोष्ट पुन्हा येते, कारण ही गुणपत्रिका कधी स्थिर राहिली नाही. २००० च्या सुमारास कॅबिनेटला खिडकी कापली एवढ्यावर बक्षीस मिळू शकत होतं. काही वर्षांत खिडकीवाली कॅबिनेटं दुकानात आली आणि खिडकीचे गुण संपले. रिबन केबल गोल करणं ही कला होती, २००३ पासून बारीक साटा केबल आली आणि कला निकालात निघाली. एसएमपीएस झाकणारं कवच लोक पत्रा वाकवून घरी करत, २०१४ मध्ये एनझेडएक्सटीने ‘एच४४०’मध्ये ते कारखान्यातूनच दिलं. ॲक्रिलिकच्या जागी टफन्ड काच आली, कोल्ड कॅथोडच्या जागी हवा तो रंग दाखवणारी आरजीबी पट्टी. अलीकडे आसुस आणि एमएसआय यांनी सगळ्या जोडण्या पाठीमागे असलेले मदरबोर्ड काढलेत, म्हणजे केबल लपवायचं कसबही आता किमतीत धरून मिळतं. कंपन्या नक्कल करताना कधी कधी मूळ कारणच विसरल्या. काही वर्षं कॅबिनेटच्या समोरही अखंड काच बसवायची टूम निघाली आणि हवेची वाटच बुजली. ज्या डब्याला हवेसाठी भोकं पाडण्यातून हे सगळं सुरू झालं, तोच डबा पुन्हा कोंदट झाला. समीक्षकांनी झोडपलं, तेव्हा जाळी परत आली.

वेगाचंही तेच झालं. नोव्हेंबर २००८ च्या कोअर आय७ मध्ये इंटेलने टर्बो बूस्ट दिलं. गरमी आणि वीज पाहून प्रोसेसर स्वतःच वेग चढवतो. २०१०-११ पासून गुणकाचं कुलूप उघडं असलेला प्रोसेसर नावापुढे ‘के’ लावून थोड्या जास्त किमतीत मिळू लागला. नेलपॉलिश आणि पेन्सिलीचं काम आता एका अक्षराच्या भावात होतं. प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या ताकदीच्या कडेला आणून सोडलेले असतात. कोअर आय९ १३९००के तर कंपनीच्या परवानगीनेच २५३ वॉट खातो. हाताने काढून घेण्यासारखं फार थोडं उरलं आहे, म्हणून कामगिरीच्या रकान्यातली चुरस बरीचशी पैशाची झाली.

आपल्याकडे या कुळाची शाखा वेगळ्या मुळातून फुटली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, नव्वदच्या दशकात ‘असेंबल्ड’ संगणक मिळायचा तो हौशीसाठी नव्हे, ब्रँडेड परवडत नाही म्हणून. कोटेशनच्या कागदावर प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क अशी यादी असायची आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत स्वस्त, ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. पैसे कमी पडले की काट मारायची ती याच ओळीवर. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरचं आयातशुल्क हटवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, २००५ पर्यंत शुल्क उतरत गेलं आणि सुटे भाग आवाक्यात आले. त्याच रस्त्यावर आज काचेची कॅबिनेटं शोकेसमध्ये दिवे लावून मांडलेली असतात, आणि यादीत शेवटी असणारी ओळ पुष्कळांच्या कोटेशनवर वर सरकली आहे. भाग निवडून, जुळवून यंत्र उभं करायची सवय इथल्या घरांना होतीच. परवडण्यासाठी शिकलेलं काम पुढच्या पिढीने हौसेला लावलं.

आता परीक्षकांपुढे नवा पेच आहे. तयार भाग विकत घेऊन नीट जोडले, तरी यंत्र देखणं दिसतं. म्हणून मोठ्या स्पर्धा कामाची नोंदवही मागतात, म्हणजे पत्रा कापण्याआधीपासूनची टप्प्याटप्प्याची छायाचित्रं. कोणता भाग विकत आणला आणि कोणता केला, हे त्यात दिसतं. थ्रीडी प्रिंटर आणि सीएनसी यंत्रं घरगुती झाल्यावर तो प्रश्नही सोपा राहिलेला नाही. आराखडा माणसाचा, कापणारा हात यंत्राचा, मग कारागिरीचे गुण कुणाचे? काही जण म्हणतात आराखड्याचे, काही जण म्हणतात छापल्यानंतर घासून-पुसून केलेल्या कामाचे. हा वाद मिटेपर्यंत कुठलीतरी कंपनी तो भागही खोक्यात भरून विकायला काढेल, आणि परीक्षक त्या ओळीवर काट मारून पुढची ओळ लिहायला घेतील.